जुन्या घरगुती संगणकावरील अपडेटचे अपयश

संचालन प्रणालीसाठी उत्पादकाने पाठविलेली दुरुस्ती किंवा नवी आवृत्ती संगणकावर न उतरणे, अर्धवट बसणे अथवा बसल्यानंतर संगणकच सुरू न होणे, यास अपडेटचे अपयश असे म्हणतात. संचालन प्रणाली, म्हणजेच व्यवहारातील ऑपरेटिंग सिस्टीम, ही संगणकाचे यंत्रभाग आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांना जोडणारी मूलभूत आज्ञावली होय. नव्या संगणकावरही अपडेट फसू शकतो; परंतु आठ-दहा वर्षे वापरलेल्या घरगुती संगणकात हा प्रकार वारंवार आढळतो. त्याचे कारण बहुतेकदा अपडेटमध्ये नसून यंत्राच्या वयात, अपुऱ्या जागेत, विजेत किंवा इंटरनेट जोडणीत असते. प्रस्तुत लेखात मुख्यतः विंडोज या प्रणालीचा आणि पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांसारख्या डोंगराळ भागातील परिस्थितीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्ट कंपनी ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षाविषयक अपडेट प्रसृत करते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. भारतात ऋतुमानानुसार रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा होतात. त्यामुळे आपल्याकडे ‘काल रात्रीपर्यंत संगणक चांगला होता’ ही तक्रार बुधवारी अधिक ऐकू येणे स्वाभाविक आहे.

प्रत्येक आवृत्तीला ठरावीक काळच आधार मिळतो. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी संपला. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. मुदत संपलेला संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. नव्याने सापडणाऱ्या सुरक्षाविषयक उणिवा मात्र त्यात तशाच उघड्या राहतात.

या उणिवा किती महागात पडतात, याचे उदाहरण म्हणजे मे २०१७ मधील वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू. ज्या उणिवेचा त्याने फायदा घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ चे होते आणि त्यांवर ती दुरुस्ती बसलेली नव्हती. अपडेट फसला म्हणून तो कायमचा बंद करून ठेवणे हा उपाय अनेक ठिकाणी सुचविला जातो. तो सोपा खरा, पण धोका मिटविणारा नाही.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चा अर्धवार्षिक अपडेट प्रसृत झाला आणि काही वापरकर्त्यांच्या दस्तऐवजांच्या संचिकाच त्याने पुसून टाकल्या. कंपनीने काही दिवसांतच तो मागे घेतला आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबर २०१८ रोजी पुन्हा दिला. अपडेटपूर्वी महत्त्वाच्या संचिकांची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी, हा नियम अशा अनुभवांतून आला आहे.

जव्हार व मोखाडा परिसर

जव्हार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. मोखाडा तालुका त्याच्या पूर्वेस नाशिक जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हा हे दोन्ही तालुके त्यात समाविष्ट झाले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी आदी आदिवासी समाजांची येथे बहुसंख्या आहे. अशा भागात घरगुती संगणक असतो तो प्रायः शिक्षक, शासकीय कर्मचारी, दुकानदार किंवा महाविद्यालयात शिकणारी मुले असलेल्या कुटुंबात, आणि पुष्कळदा तो शहरातून वापरलेला म्हणून घेतलेला असतो. म्हणजे संगणक घरी नवा असला तरी यंत्र म्हणून तो आधीच पाच-सहा वर्षांचा असतो.

अपडेटच्या दृष्टीने या भागाची तीन वैशिष्ट्ये महत्त्वाची ठरतात. जून ते सप्टेंबर या काळात येथे मुसळधार पाऊस पडतो. जंगलातून जाणाऱ्या वीजवाहिन्यांवर झाडे किंवा फांद्या पडून पुरवठा खंडित होतो. दुसरे असे, की दऱ्याखोऱ्यांतील पाड्यांवर मोबाइलचे जाळे क्षीण असते आणि संगणकाला इंटरनेट मिळते ते बहुधा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. तिसरी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही: मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत कुटुंब गावी गेले, की संगणक अनेक आठवडे वायर काढून बंद ठेवलेला असतो. परत आल्यावर साचलेले सर्व अपडेट एकाच वेळी दारात उभे राहतात.

यात पणाला काय लागते, हे येथील विद्यार्थ्यांच्या संगणकात डोकावले तर समजते. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका यांच्या स्कॅन केलेल्या प्रती त्यात असतात. महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या दिवसांत संगणक निळ्या पडद्यावर अडकला, तर ती केवळ तांत्रिक अडचण राहत नाही.

अपडेट बसण्याची प्रक्रिया

बिघाड कुठे झाला हे ओळखण्यासाठी प्रक्रियेचे टप्पे माहीत असावेत. प्रथम संगणक कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधून आपल्याला काय हवे ते तपासतो. नंतर आवश्यक संचिका उतरवून घेतो, त्यांची डिजिटल स्वाक्षरी पडताळतो आणि त्या उलगडून एका बाजूस मांडून ठेवतो. चालू असलेल्या प्रणालीतील वापरात गुंतलेल्या संचिका बदलता येत नाहीत. म्हणून खरी अदलाबदल संगणक पुन्हा सुरू होताना होते. टक्केवारी दाखविणारा पडदा तो हाच. या टप्प्यात काही चुकल्यास प्रणाली केलेले बदल मागे घेते आणि पूर्वस्थितीला येते. ‘बदल पूर्ववत करीत आहोत’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसला, की घाबरून बटण दाबण्याचा मोह होतो. वस्तुतः तो संदेश संगणक स्वतःला सावरीत असल्याची खूण आहे.

कारणे

घड्याळ. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित कारण हे आहे. संगणकाच्या मदरबोर्डवर सीआर २०३२ या क्रमांकाचा, रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा ३ व्होल्टचा सेल असतो. संगणकाला वीज नसताना तारीख व वेळ या सेलवर राखली जाते. संगणक सतत विजेशी जोडलेला असेल तर सेल अनेक वर्षे टिकतो. वरचेवर वायर काढून ठेवलेल्या संगणकात तो लवकर संपतो. सेल संपला की प्रत्येक वेळी संगणक सुरू करताना तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सर्व्हरशी सुरक्षित संपर्क साधताना सर्व्हरची ओळख डिजिटल प्रमाणपत्रांनी पटते आणि त्या प्रमाणपत्रांना आरंभाची व समाप्तीची तारीख असते. संगणकाच्या लेखी आज २००९ साल असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याला भविष्यातले वाटते आणि तो संपर्कच नाकारतो. अपडेट तर फसतोच, शिवाय बँकेची व शासनाची संकेतस्थळेही ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाहीत. अशा वेळी प्रणाली पुन्हा टाकण्यास बसण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

साठवणुकीची जागा. विंडोज १० च्या मोठ्या अपडेटला अनेक गिगाबाइट मोकळी जागा लागते. मे २०१९ च्या आवृत्तीपासून नव्या संगणकांसाठी किमान ३२ गिगाबाइट साठवण अशी अट घालण्यात आली, आणि ३२ गिगाबाइटच्याच स्वस्त लॅपटॉपवर पुढील मोठा अपडेट बसविणे ही कसरत ठरली. सी ड्राइव्ह भरलेला नसतानाही जागेचे कारण संभवते. जानेवारी २०२४ मध्ये आलेला केबी ५०३४४४१ हा अपडेट असंख्य संगणकांवर फसला, कारण डिस्कवरील पुनर्प्राप्तीच्या लहानशा, सहसा न दिसणाऱ्या विभागात २५० मेगाबाइट मोकळी जागा नव्हती. वापरकर्त्याने काही चुकीचे केले नव्हते.

जोडणी. प्रीपेड योजनेतील दिवसाचा डेटा संपला, की वेग प्रायः सेकंदाला ६४ किलोबिटपर्यंत खाली येतो. त्या वेगाने ६०० मेगाबाइटचा अपडेट उतरण्यास २० तासांहून अधिक वेळ लागेल, आणि त्यापूर्वीच जाळे तुटेल. याखेरीज हॉटस्पॉटची जोडणी ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून वापरायची, अशी नोंदवून ठेवल्यास विंडोज बहुतेक अपडेट आपोआप उतरवीतच नाही. डेटा वाचविण्यासाठी कोणीतरी कधीतरी केलेली ही नोंद पुढे विस्मरणात जाते.

डिस्क व यंत्रभाग. फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कवर काही भाग वाचण्यालायक राहत नाहीत. अपडेट एरवी न वाचल्या जाणाऱ्या संचिकांनाही हात घालतो, त्यामुळे आजवर दबून राहिलेला दोष तेव्हाच उघडा पडतो. पावसाळ्यातील दमटपणाने रॅमच्या पट्टीवरील संपर्कबिंदूंवर थर बसतो. संगणक दुरुस्त करणारे पट्टी काढून ती बिंदूंची कडा खोडरबराने हलकेच पुसतात; हा उपाय साधा असला तरी उपयुक्त आहे. मात्र त्यापूर्वी वायर काढावी आणि धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर विद्युत उतरवावी.

ड्रायव्हर व इतर कार्यक्रम. जुना प्रिंटर, इंटरनेटचा डोंगल, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांचे ड्रायव्हर नव्या आवृत्तीशी जुळत नसल्यास मोठा अपडेट मध्येच मागे फिरतो. अन्य कंपन्यांचे विषाणूरोधक कार्यक्रम, विशेषतः मुदत संपलेले, हेही अडथळा आणतात.

अनधिकृत प्रती. वापरलेला संगणक विकताना त्यात काही वेळा विंडोजची परवाना नसलेली, ‘हलकी’ केलेली प्रत टाकलेली असते. तिच्यातून अपडेटची सेवाच काढून टाकलेली असू शकते. अशा प्रतीवर पुढील कोणताही उपाय लागू पडत नाही.

विंडोज ७ चे एक स्वतंत्र कारण नोंदविण्यासारखे आहे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेटवरील स्वाक्षरीची जुनी शा-१ पद्धत सोडून शा-२ स्वीकारली. ही नवी स्वाक्षरी ओळखण्यासाठी विंडोज ७ ला आधी दोन विशिष्ट अपडेट (केबी ४४९०६२८ व केबी ४४७४४१९) घ्यावे लागतात. जुन्या सीडीवरून विंडोज ७ नव्याने टाकणाऱ्यास पुढचे काहीच मिळत नाही, ते यामुळे.

त्रुटी क्रमांक

अपयशानंतर विंडोज एक क्रमांक दाखवते. त्याचा आरंभ शून्य व इंग्रजी एक्स यांनी होतो. पुढील उल्लेखांत तो भाग गाळला आहे. ८००७००७० म्हणजे जागा अपुरी. ८००७२एफ८एफ हा सुरक्षित संपर्क न जमल्याचा क्रमांक असून त्यामागे प्रायः चुकलेली तारीख असते. ८००७२ईई२ म्हणजे सर्व्हरकडून वेळेत उत्तर आले नाही. ८००७३७१२ म्हणजे प्रणालीच्या मूळ संचिकांचा साठा बिघडला. सी१९००१०१ या अंकांनी सुरू होणारे क्रमांक बहुधा ड्रायव्हरकडे बोट दाखवितात. क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा किंवा मोबाइलने पडद्याचे छायाचित्र घ्यावे. ‘काहीतरी एरर आला’ एवढ्यावर दुरुस्ती करणाऱ्यालाही अंदाजच बांधावा लागतो.

निवारण

पहिले काम संचिकांची प्रत काढणे. पेन ड्राइव्ह किंवा बाह्य डिस्कवर दाखले, छायाचित्रे, शाळेची कागदपत्रे घ्यावीत आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत समजू नये. डिस्कमधून टक्टक असा आवाज येत असेल, तर प्रत काढण्यापलीकडे काहीही करू नये. दुरुस्तीच्या आज्ञा डिस्कला फार राबवितात आणि मरणोन्मुख डिस्क त्यातच संपते.

त्यानंतर तारीख व वेळ दुरुस्त करावी, अनावश्यक संचिका काढून सी ड्राइव्हवर शक्यतो २० गिगाबाइट जागा करावी, कळफलक व माउस सोडून इतर उपकरणे काढावीत आणि संगणक एकदा पूर्ण बंद करून सुरू करावा. विंडोज १० मध्ये नेहमीच्या ‘शट डाउन’ने प्रणाली पूर्णतः बंद होईलच असे नाही, ‘रीस्टार्ट’ने होते. एवढ्यानेच पुष्कळ अपडेट मार्गी लागतात.

न लागल्यास सेटिंग्जमधील ‘ट्रबलशूट’ चालवावे. तेही निरुपयोगी ठरल्यास अर्धवट उतरलेल्या संचिकांचा साठा रिकामा करावा. त्यासाठी ‘विंडोज अपडेट’ व ‘बिट्स’ या सेवा थांबवून, विंडोजच्या फोल्डरमधील ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ या फोल्डरचे नाव बदलावे आणि सेवा पुन्हा सुरू कराव्यात. विंडोज तो फोल्डर नव्याने तयार करते. यात अपडेटचा इतिहास दिसेनासा होतो, वैयक्तिक संचिकांना धक्का लागत नाही.

मूळ संचिकाच बिघडल्या असल्यास प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी ‘डीआयएसएम’ची रिस्टोअर हेल्थ ही आज्ञा व नंतर ‘एसएफसी’ची स्कॅन नाऊ ही आज्ञा द्यावी. पहिली आज्ञा निरोगी संचिका इंटरनेटवरून आणते, ही येथील खरी मेख. जाळे नसलेल्या गावात ती ठरावीक टक्क्यांवर थांबून राहते. अशा वेळी त्याच आवृत्तीची आयएसओ संचिका पेन ड्राइव्हवर आणून तिचा पत्ता आज्ञेत द्यावा.

हाच मार्ग अपडेटलाही लागू आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘अपडेट कॅटलॉग’ या संकेतस्थळावर प्रत्येक अपडेट त्याच्या केबी क्रमांकाने सुटा मिळतो. चांगली जोडणी असलेल्या ठिकाणी, जव्हार शहरात किंवा नाशिकला गेल्यावर, तो पेन ड्राइव्हवर घेऊन घरी बसविता येतो. घेताना आपली प्रणाली ३२ बिट आहे की ६४ बिट, हे आधी पाहून जावे. अन्यथा ‘हा अपडेट आपल्या संगणकास लागू नाही’ असा संदेश येतो आणि फेरी वाया जाते. एका घरात किंवा शाळेत दोन-तीन संगणक असल्यास विंडोज १० मधील ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ ही सोय चालू ठेवावी. एका संगणकाने उतरवून घेतलेला भाग त्याच जाळ्यातील इतरांना मिळतो आणि डेटा वाचतो.

विजेबाबत तडजोड करू नये. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी. टेबलावरील संगणकास यूपीएस असावा, आणि तो खरोखर किती मिनिटे भार पेलतो हे आधी तपासलेले असावे. जुन्या हार्ड डिस्कवर टक्केवारीचा पडदा दोन-तीन तासही चालू शकतो. घरगुती यूपीएस तेवढा वेळ टिकत नाही. म्हणून पावसाळ्यात मोठा अपडेट वादळी दुपारी हाती न घेता उघडिपीच्या दिवशी घ्यावा.

संगणक सुरूच न झाल्यास

टक्केवारी एकाच अंकावर थांबली असली, तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर वाट पाहावी. दिवा शांत होऊन दोन-तीन तास लोटले असतील, तरच बटण दाबून धरून संगणक बंद करावा. लागोपाठ दोन-तीनदा सुरू होण्यात अपयश आले, की विंडोज १० आपोआप दुरुस्तीचा निळा पडदा उघडते. त्यातील प्रगत पर्यायांत शेवटचा अपडेट काढून टाकण्याची सोय आहे. बहुधा तिनेच काम भागते. नवी आवृत्ती बसल्यानंतर ती पसंत न पडल्यास १० दिवसांच्या आत जुन्या आवृत्तीकडे परतता येते. मात्र जागा करण्याच्या भरात ‘विंडोज ओल्ड’ हा फोल्डर पुसला, तर परतीचा मार्ग बंद होतो. ‘सिस्टम रिस्टोअर’ ही सोय विंडोज १० मध्ये अनेक संगणकांवर मुळात बंद असते, म्हणून ती आधीच चालू करून ठेवावी.

विंडोजच सुरू होत नसेल, तरी संचिका गेल्या असे समजू नये. पेन ड्राइव्हवरून थेट चालणारी लिनक्स प्रणाली सुरू करून डिस्कवरील संचिका बाहेर काढता येतात. ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे उत्तर ऐकल्यावर प्रथम हा प्रश्न विचारावा.

देवनागरीसंबंधी अडचणी

विंडोज ७ मध्ये मंगल, अपराजिता, कोकिळा, उत्साह हे देवनागरी टंक मूळचेच होते. विंडोज १० मध्ये निर्मला यूआय हा टंक मूळचा ठेवून मंगलसह इतर टंक ‘देवनागरी पूरक टंक’ या ऐच्छिक भागात हलविण्यात आले. परिणामी विंडोज १० नव्याने टाकल्यावर जुन्या मराठी दस्तऐवजांची मांडणी बदलते, ओळी सरकतात, तक्ते मोडतात. मजकूर शाबूत असतो. ऐच्छिक भाग बसविल्यावर मांडणी पूर्ववत होते. युनिकोडपूर्व टंकांत टंकलिखित केलेले दस्तऐवज मात्र तो विशिष्ट टंक नसल्यास निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखे दिसतात. म्हणून प्रत काढताना संचिकांबरोबर टंकही घ्यावेत. मे २०१९ च्या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये मराठीचा उच्चारानुसारी कळफलकही उपलब्ध आहे.

मुदत संपलेले संगणक

५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चकती, ४ गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट साठवण आणि इंटेलचा सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. बहुसंख्य जुने संगणक येथेच बाद होतात. अटी टाळून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. परंतु २०२४ च्या आवृत्तीपासून काही विशिष्ट आज्ञा न समजणाऱ्या, कोअर टू ड्युओ काळातील प्रोसेसरवर ती सुरूच होत नाही. अशा संगणकास पुढील अपडेट मिळतील याचीही कंपनी हमी देत नाही.

विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची योजना जाहीर केली. तीसाठी संगणकावर २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते, म्हणजे आधीचे फसलेले अपडेट निस्तरल्याशिवाय तिचा लाभ नाही.

यंत्र धडधाकट असल्यास लिनक्स हा दुसरा मार्ग आहे. लिनक्स मिंटसारख्या वितरणांत मराठीची सोय असून जुन्या संगणकांसाठी त्यांच्या हलक्या आवृत्त्या मिळतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्स प्रणाली विकसित केली आहे. लिनक्सवरही अपडेट फसतात. वीज गेल्याने डेबियन कुळातील प्रणालीत संचांची मांडणी अर्धवट राहिली, तर ‘डीपीकेजी’च्या कॉन्फिगर आज्ञेने ती पूर्ण करता येते, ‘बूट’ विभाग जुन्या कर्नलनी भरल्यास ते काढावे लागतात. डिजिटल स्वाक्षरीची काही टोकने व काही प्रिंटर लिनक्सवर चालत नाहीत, हे प्रणाली बदलण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावे.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे आणि रॅम वाढविणे हा खर्च जुन्या संगणकावर सर्वाधिक फलदायी ठरतो. संगणक टाकूनच द्यायचा असेल, तर डिस्क पूर्णतः पुसून किंवा काढून ठेवून मगच तो द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे.